जुनाट दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर: घ्यायचं तर असं घ्या

कंबर, गुडघा, मान किंवा डोकं तीन महिन्यांहून जास्त दुखत राहिलं की डॉक्टर त्याला जुनाट दुखणं म्हणतात. तोवर बहुतेकांची गोळ्या, मलम, शेक, पट्टा, फिजिओथेरपी अशी एक फेरी होऊन गेलेली असते. मग नात्यातलं किंवा शेजारचं कुणीतरी म्हणतं, ‘एकदा सुया टोचून बघा ना.’ पण एकदा टोचून काही कळत नाही, आणि काहीही न मोजता वर्षभर टोचत राहिलं तरी कळत नाही. म्हणून माझा आग्रह असा की अ‍ॅक्युपंक्चर घ्यायचंच तर ते मुदत ठरवून घ्यावं. आधी निदान, मग मोजमाप, मग दहाच्या आसपास सिटिंग. आणि थांबायचं कधी, हे पहिली सुई टोचण्याआधीच ठरलेलं असावं.

आधी निदान

सुईने दुखणं कमी होऊ शकतं, पण दुखण्यामागचा आजार सुईला दिसत नाही. अ‍ॅक्युपंक्चरमधला सगळ्यात मोठा धोका मला सुईचा वाटत नाही. दुसराच आजार अंगात असताना सुयांवर जाणारे महिने जास्त धोक्याचे आहेत.

पुढच्यापैकी काहीही असेल तर अ‍ॅक्युपंक्चरची चौकशी बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा. दुखण्यासोबत ताप किंवा कारण नसताना घटणारं वजन. रात्री झोपेतून उठवणारी आणि कुशी बदलूनही न थांबणारी पाठदुखी. आधी कधी कॅन्सर झालेला असणं. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, विशेषतः वय जास्त असताना किंवा स्टिरॉइड चालू असताना. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. पायातली ताकद कमी होत जाणं. आणि कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतली, बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी, वेळ न घालवता मोठं रुग्णालय गाठा. मज्जातंतूंवर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

संधिवाताबद्दल वेगळं सांगायला हवं. झिजेमुळे दुखणारा गुडघा आणि आमवाताने सुजलेले सांधे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर रक्ततपासणी आणि संधिवाततज्ज्ञ आधी. आमवातात सांधे खराब होणं थांबवतात ती औषधं. सुयांनी ठणका कमी झाला म्हणून ती बंद केली, तर सांध्याचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही.

किती अपेक्षा ठेवावी

इथे दोन टोकांची माणसं भेटतात. एकाला वाटतं सुई सगळं बरं करते, दुसऱ्याला वाटतं हे सगळं मनाचे खेळ. संशोधन या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभं आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर पैसे कुठे घालायचे हे ठरवणं सोपं जातं.

जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट होते. पहिल्या गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, म्हणजे ‘खोट्या’ सुया, तिसऱ्याला औषधं आणि व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात 47.6 टक्के, दुसऱ्या गटात 44.2 टक्के आणि तिसऱ्या गटात 27.4 टक्के लोकांना ठरवलेल्या निकषावर फरक पडला होता. म्हणजे सुया घेणारे नेहमीच्या उपचारांवाल्यांच्या बरेच पुढे होते, पण सुई नेमक्या बिंदूवर टोचली की भलतीकडे, याने फारसा फरक पडला नाही.

अर्धशिशीतही असंच चित्र आहे. कॉक्रेन ही उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून त्यांचा आढावा घेणारी संस्था. तिने 22 चाचण्या एकत्र करून 2016 मध्ये घेतलेल्या आढाव्यात, सुया घेणाऱ्या 100 पैकी 41 जणांच्या डोकेदुखीचे दिवस निम्म्याने कमी झाले होते. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार होते त्यांच्यात हे 17 जणांच्या बाबतीत झालं. खोट्या सुयांशी तुलना केली तेव्हा मात्र फरक 50 विरुद्ध 41 इतकाच निघाला. 39 चाचण्यांमधल्या 20,827 रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून 2018 मध्ये आलेल्या विश्लेषणाचाही सूर तोच आहे. पाठ-मान, खांदा, गुडघ्याची झीज आणि डोकेदुखी यांत खोट्या सुयांपेक्षा खऱ्या सुयांचा फायदा थोडा जास्त, आणि सुया न घेण्यापेक्षा तो बराच जास्त. शिवाय मिळालेला फायदा वर्षभरानंतरही बराचसा टिकून होता.

यामुळेच मार्गदर्शक संस्थांचे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करून पाहायच्या उपायांत अ‍ॅक्युपंक्चर धरलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी आणि 2022 मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी ते देऊ नये म्हटलं. त्याच नाइसने 2021 मध्ये, दुसऱ्या कुठल्या आजारामुळे आलेलं नाही अशा जुनाट दुखण्यासाठी त्याचा एक कोर्स विचारात घ्यावा असं सांगितलं. जो खोट्या सुयांशी तुलना करतो त्याला फायदा लहान दिसतो. जो रुग्णाच्या रोजच्या हालांशी तुलना करतो त्याला तो मोठा दिसतो. दुखणं सोसणाऱ्या माणसाला दुसरी तुलना जास्त जवळची वाटणार, आणि त्यात गैर काही नाही. पण ‘नेमका बिंदू फक्त आमच्याकडेच सापडतो’ म्हणून कुणी तिप्पट फी मागितली, तर वरचे आकडे आठवा.

सुईने शरीरात काही घडतच नाही, असंही नाही. टोचलेल्या जागेतून निघालेले संदेश मज्जारज्जूत आणि मेंदूत पोहोचतात, आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं, म्हणजे एंडॉर्फिन वगैरे, सोडतं. अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिलं की सुयांनी आलेला आराम बराच कमी होतो, हे 1970 च्या दशकातल्या प्रयोगांतच दिसलं होतं. झिजलेली कूर्चा परत भरून येणं किंवा सरकलेली गादी जागेवर बसणं यातून होत नाही. तसं आश्वासन देणाऱ्याकडून उठून यावं.

मोजमापाची वही

पहिल्या सिटिंगच्या दोन आठवडे आधी एक साधी वही करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तीन प्रश्नांना 0 ते 10 मध्ये गुण द्या: या आठवड्यात सरासरी दुखणं किती होतं? दुखण्याने जगण्यातला आनंद किती हिरावला? रोजच्या कामांत त्याने किती अडथळा आणला? तिन्हींची सरासरी काढा. वेदनातज्ज्ञ वापरतात ती एक मोजपट्टी हीच आहे.

त्याखाली दोन गोष्टी आणखी लिहा. आठवड्यात वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या, आणि तुम्हाला परत करता यावंसं वाटणारं एक नेमकं काम कुठवर जमलं. ‘बरं वाटावं’ हे ध्येय होत नाही. ‘ओट्याशी वीस मिनिटं सलग उभं राहता यावं’, ‘गिरणीतून पाच किलो दळण आणता यावं’, ‘एसटीची पायरी हात न धरता चढता यावी’ ही ध्येयं झाली. मांडी घालून बसणं बऱ्याच जणांना हवं असतं, पण गुडघा खूप झिजलेला असेल तर ते ध्येय ठेवू नका. ते जमलं नाही की झालेला फायदाही मनाला दिसेनासा होतो.

दुखण्याची जातही लिहून ठेवा. ठणका आहे, सल आहे, चमक मारते, आग होते, मुंग्या येतात, की नुसती रग लागते? आग आणि मुंग्या नसांकडे बोट दाखवतात, आखडलेपण आणि रग स्नायूंकडे. उपचार करणाऱ्याला आणि तुमच्या डॉक्टरांना ‘फार दुखतं’पेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

कुणाकडे जायचं

भारतात ही पद्धत रुजली त्यामागे एका सोलापूरकराच्या सोबत्याचा हात आहे. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कलकत्त्याचे बिजॉयकुमार बसू होते. कोटणीस शल्यविशारद होते. 1942 मध्ये चीनमध्येच त्यांचं निधन झालं. बसूंनी पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून घेतलं आणि कलकत्त्यात ते सुरू केलं. आपल्याकडे कितीतरी दवाखान्यांत कोटणिसांचा फोटो दिसतो, पण सुई इथे आणण्याचं श्रेय बसूंचं आहे.

आजची स्थिती अशी की 2019 मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद व्यावसायिकांची नोंदणी करते. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ नोंदणी असलेला माणूस या प्रश्नाने दुखावत नाही. काही एमबीबीएस डॉक्टरही हे शिकलेले असतात. फिजिओथेरपिस्ट ‘ड्राय नीडलिंग’ करतात, त्यात सुई तीच, पण ती स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींत टोचतात. प्लास्टिकच्या काटेरी रोलरचं अ‍ॅक्युप्रेशर आणि हाताच्या तळव्यावरचं सुजोक या वेगळ्या गोष्टी आहेत. वर दिलेले आकडे त्यांना लागू करू नका.

दवाखान्यात गेल्यावर डोळे उघडे ठेवा. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात, पाकीट तुमच्यासमोर फुटावं, त्यावरची मुदत तुम्हाला वाचता यावी. ‘तुमच्या नावाची डबी ठेवतो, त्याच सुया पुढच्या वेळी वापरू’ असं कुणी म्हटलं तर नकार द्या. हेपॅटायटिस बी याच वाटेने पसरतो. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या बादलीत जात असतील तरी नकार द्या. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे अशा टोकदार वस्तू पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न फुटणाऱ्या डब्यात जायला हव्यात. हा डबा टेबलाजवळ दिसतो का, एवढं पाहिलं तरी जागेबद्दल बरंच कळतं.

वीस-तीस सिटिंगचे पैसे आगाऊ मागणारं पॅकेज घेऊ नका. सवलत कितीही असो, एकदा पैसे भरले की फायदा होत नसतानाही माणूस जात राहतो. सुयांसोबत लेबल नसलेल्या पुड्या किंवा गोळ्या दिल्या तर त्याही घेऊ नका. सांधेदुखीवरच्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं आहेत. आठवड्यात चमत्कार दिसतो आणि वर्षाने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते.

आधी काय सांगायचं

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, रक्त न गोठण्याचा आजार असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील, निकेलची अ‍ॅलर्जी असेल, फिट येत असेल, तर सुईआधी सांगा आणि तुमच्या मूळ डॉक्टरांनाही विचारा. काही जण सुयांना सौम्य वीज जोडतात. पेसमेकर असेल तर ती जोडून घेऊ नका. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर स्पष्ट बोला. अंगठा आणि तर्जनीमधला हेगू बिंदू, तसंच घोट्याच्या आतल्या बाजूच्या वरचा बिंदू परंपरेनेच गरोदरपणात टाळतात. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सूज राहिलेल्या हातात सुया नकोत. मधुमेहात पावलांची संवेदना कमी झाली असेल तर तळपायाच्या सुया आणि मोक्साचा, म्हणजे जळत्या वनस्पतीचा, शेक टाळा. भाजलेलं कळतच नाही आणि जखम चिघळते.

पहिलं सिटिंग

उपाशी जाऊ नका. चतुर्थी-एकादशीचा उपास असेल तर तो दिवस सोडून दुसरी वेळ घ्या, कारण रिकाम्या पोटी घेरी येण्याची शक्यता वाढते. तासभर आधी हलकं खा. गुडघ्याच्या आणि कोपराच्या वर सहज सरकतील असे कपडे घाला. पहिल्या वेळी सोबत कुणीतरी न्या आणि परत येताना स्वतः दुचाकी चालवू नका.

सुया झोपूनच घ्या, निदान पहिल्यांदा तरी. खुर्चीवर बसून घेतल्यास चक्कर आली तर माणूस पडतो. सुई इंजेक्शनसारखी नसते. ती भरीव असते आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची. बहुतेक ठिकाणी ती लहान नळीतून हलकी टिचकी मारून आत घालतात. त्वचेतून जाताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग आत जडपणा, बोथट दाब किंवा ताण जाणवतो. चिनी परंपरेत याला ‘दे ची’ म्हणतात आणि ती अपेक्षितच आहे. पण वीज गेल्यासारखी तीव्र झिणझिणी बोटांपर्यंत गेली किंवा कळ सहन होईना, तर लगेच बोला. सुई नसेला लागली असेल तर ती मागे घ्यायला हवी. मोठ्यांसमोर गप्प सोसण्याची आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बायकांची सवय इथे घातक ठरते. माझ्या आईला मी आधीच बजावलं होतं, ‘आई, तिथे शहाण्यासारखं गप्प राहू नकोस.’

सुया साधारण 15 ते 30 मिनिटं ठेवतात. त्या वेळात हालचाल नको, पण हाक मारायला माणूस किंवा घंटा जवळ हवी. घाम फुटणं, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं आली तर सुया काढून पाय उंच ठेवले की बहुधा काही मिनिटांत बरं वाटतं. उठण्याआधी ‘किती घातल्या, किती काढल्या’ हे विचारा. केसांत आणि पाठीवर सुई विसरली जाऊ शकते.

जर्मनीत 2,29,230 रुग्णांच्या नोंदी पाहणाऱ्या अभ्यासात 8.6 टक्के रुग्णांनी काहीतरी त्रास सांगितला. बहुतेक वेळा तो थोडं रक्त किंवा निळा डाग एवढाच होता. फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा साठल्याचे दोन रुग्ण त्यात होते. म्हणजे प्रकार फार विरळा, तरी माहीत असावा. खांद्याच्या वरच्या भागात, पाठीच्या वरच्या बाजूला किंवा छातीवर सुया घेतल्या आणि त्यानंतर काही तासांत दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, कोरडा खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टीत जा आणि सुया घेतल्याचं सांगा.

त्या दिवशी थोडा थकवा आणि दुसऱ्या दिवशी थोडं जास्त दुखणं चालतं. तिसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर पुढच्या वेळी सुया कमी आणि वरवर घ्यायला सांगा.

सिटिंगच्या मधले दिवस

आठवड्याला एक किंवा दोन सिटिंग, ही सर्वसाधारण गती. फायदा होत असेल तर सुयांनंतरचे काही तास किंवा एक-दोन दिवस दुखणं उतरलेलं असतं. हा काळ अंथरुणात घालवू नका. ठणक्यामुळे जो व्यायाम होत नव्हता तो याच वेळात करायचा असतो. गुडघा असेल तर उताणं झोपून पाय सरळ ठेवून उचलणं, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं. कंबर असेल तर सपाट रस्त्यावर चालणं आणि फिजिओने शिकवलेले पोट-पाठीचे व्यायाम. मात्र हलकं वाटतंय म्हणून त्याच दिवशी घराची झाडलोट आणि माळ्यावरची भांडी काढायला घेऊ नका. दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचा दोष मग सुयांवर येतो. मांडीचे आणि कमरेचे स्नायू जे बळ धरतात, ते सुया थांबल्यावरही उपयोगी पडतं.

चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. वेदनाशामक गोळ्या गरजेपुरत्या घेत असाल तर त्या आपोआप कमी होतील, वहीत ते दिसेलच. रोज ठरावीक वेळी घ्यायच्या गोळ्या, विशेषतः नसांच्या दुखण्यावरच्या, डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या असतात.

कधी थांबायचं

सहाव्या सिटिंगनंतर वही उघडा. सरासरीत काहीच हललं नसेल, गोळ्याही तेवढ्याच असतील, तर उपचार करणाऱ्याशी बोला. बिंदू बदलणं किंवा सुयांना सौम्य वीज जोडणं असे पर्याय असतात. दहानंतर पुन्हा बघा. सुरुवातीच्या गुणांत 30 टक्के घट, म्हणजे 7 चे 5 च्या आत, हा खरा फायदा मानतात. तेवढा असेल तर आणखी चार-पाच सिटिंग घेण्यात अर्थ आहे. वर सांगितलेल्या जर्मन चाचणीतही दहा सिटिंग होती आणि थोडाबहुत फायदा दिसलेल्यांनाच पाच वाढवून दिली होती. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याने 2020 पासून जुनाट कंबरदुखीसाठी असाच नियम केला. 90 दिवसांत 12 सिटिंग, सुधारणा दिसली तर आणखी 8, वर्षाला जास्तीत जास्त 20, आणि सुधारणा नसेल तर बंद. पैसे आपल्या खिशातून जात असताना आपण याहून ढिला नियम का ठेवावा?

दहानंतरही गुण तेवढेच असतील तर थांबा. ‘अजून दहा घ्या, मग मुळापासून जाईल’ या वाक्याला भुलू नका. फायदा झाला असेल तर अंतर वाढवत न्या. पंधरा दिवसांनी एक, मग महिन्याने एक, आणि मध्ये दुखणं परत चढतं का ते वहीत पाहा. नाही चढलं तर तीन महिने सोडून द्या. पुन्हा उसळलं तर चार-पाच सिटिंगची छोटी फेरी पुरते.

सुयांनी काही झालं नाही तरी वाट संपत नाही. मोठ्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञांच्या विभागाकडून पेन क्लिनिक चालवलं जातं. तिथे नसांच्या दुखण्याची औषधं, सांध्यातली किंवा मणक्याजवळची इंजेक्शनं, फिजिओथेरपी आणि समुपदेशन यांचा एकत्र विचार होतो. तिथे जाताना वही न्या. तीन महिन्यांचे गुण, गोळ्यांचा हिशेब आणि कशाने काय झालं हे लिहिलेलं असलं, की डॉक्टरांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.